अकराव्या पानावरची पट्टी

झुवेना, काल तुझ्या घरी मी कॉफीचे सात पेले प्यायले. रिकामा पेला जरा हलवून परत दिला की 'पुरे' असं समजतात, ही तुमची रीत तूच मला शिकवली होतीस, आणि काल नेमकी तीच डोक्यातून गेली. मी पेला सरळ पुढे करायचे, तुझी भाची तो भरायची, आणि मातमाच्या घरी नको कसं म्हणायचं म्हणून मी पुन्हा प्यायचे. शेवटी सोहारहून आलेल्या तुझ्या धाकट्या बहिणीने माझं मनगट धरून पेल्यासकट हलवलं, तेव्हा सुटका झाली. बाकीच्या बायका हसल्या नाहीत. तू असतीस तर हसली असतीस. खरं म्हणजे तू मला दहाव्या पेल्यापर्यंत सांगितलंच नसतंस.

मी दुःखात आहे असं घरात सगळ्यांना वाटतंय. माझा नितीन हळू आवाजात बोलतो, सून माझ्या चहात साखर जास्त घालते. दुःख आहेच, पण त्याच्या आधी मी चिडलेली आहे. मंगळवारी सकाळी तू गेलीस आणि दुपारच्या, अस्रच्या नमाजाआधी तुला पोचवून माणसं परतलीसुद्धा. मला कळलं ते इथे मस्कतला, अझैब्याच्या आपल्या गल्लीत दोन्ही बाजूंनी गाड्या लागल्या तेव्हा. मला वाटलं, तुझ्या सालिमच्या मुलीचं लग्न ठरतंय आणि तू भांडणाचा राग धरून शेजारणीला बोलावलं नाहीस. मी खिडकीत उभी राहून तुला चांगल्या चार शिव्या घातल्या. तू तेव्हा आत पांढऱ्या कापडात होतीस.

आमच्यात माणूस गेलं की निदान गावचा भाऊ येईपर्यंत थांबतात. तुमच्यात थांबत नाहीत, आणि बायकांनी कबरस्तानात जायचं नाही. तोंड बघायचं राहिलं. त्याहून मोठं म्हणजे भांडण राहिलं. ते चालू असताना एकीने मधूनच उठून जायचं, हे तुमच्या धर्मात बसत असेल असं मला वाटत नाही. आमच्यात तर नाहीच नाही.

हे मी मराठीत लिहितेय, म्हणजे तुला वाचता येणार नाही. हिंडत-फिरत होतीस तेव्हाही येत नव्हतं. तरी माझ्या मराठीतली लबाडी तूच पकडलीस.

ते पुस्तक तूच आणलंस, माझ्या नातीसाठी. मोठमोठी चित्रं आणि पानावर एक-दोन वाक्यं इंग्रजीत. आफ्रिकेतल्या एका खेड्यातली आशा नावाची मुलगी सकाळी उठते, धाकट्या भावाचं तोंड धुते, ओढा ओलांडते, शाळेत जाते, संध्याकाळी परत येते. एवढंच. राक्षस नाही, राजपुत्र नाही. आशा हे नाव आमचं, असं मी म्हणाले. तू म्हणालीस, आमच्याकडे दर तिसऱ्या घरात एक आशा असते, तुमच्याकडे कोणीतरी उचलून नेली असेल. म्हणजे पहिलं भांडण पहिल्याच पानावर झालं.

रेवा इंग्रजी घडाघडा वाचायची. मराठीत मात्र, "आजी, मला तो… ते… स्पून दे," इथवर मजल. पुण्याहून मागवलेली मराठी पुस्तकं ती कपाटात नीट रचून ठेवायची आणि परत उघडायची नाही. तेव्हा युक्ती तुझीच. सरकारी शाळेत शिकवत होतीस तेव्हा तू इंग्रजी पुस्तकांवर अरबी पट्ट्या चिकटवायचीस. पांढरा कागद कापायचा, त्यावर आपल्या भाषेतलं वाक्य ठळक अक्षरात लिहायचं आणि छापील ओळीवर बरोबर बसवायचं. पोरांना चित्र हवं असतं, मग ती नाइलाजाने आपली भाषा वाचतात.

रोज दुपारी रेवाचा गृहपाठ झाला की आपण तिघी तुझ्या बैठकीच्या खोलीत, गालिच्यावर. तू चित्र समजावून सांगायचीस तुझ्या त्या हिंदीत, जी तू निम्मी लहानपणी गुजराती दुकानदारांकडून आणि निम्मी सिनेमांतून उचलली होतीस. मी मराठीत लिहायचे. रेवा गोंद लावायची, पट्टीला थोडा आणि तुझ्या गालिच्याला भरपूर.

त्या पुस्तकावर तुझा एवढा जीव का, ते मला हळूहळू कळलं. मी समजत होते की झंझिबारहून आलेले ओमानी म्हणजे सगळे बेटावरच्या कोरीव दारांच्या घरांतले. तू म्हणालीस, कसलं बेट आणि कसलं दार. तुझ्या वडिलांचं दुकान आफ्रिकेच्या आतल्या भागात होतं, जिथे मालाची लॉरी आठवड्यातून एकदा यायची. मीठ, कापड आणि रॉकेल विकायचे. तू दहा वर्षांची होईपर्यंत तिथल्याच पोरांबरोबर तिथल्याच शाळेत गेलीस. मग बेटावर मावशीकडे, आणि सत्तर सालानंतर इथे. इथे आलीस तेव्हा तुझी अरबी मोडकी होती, स्वाहिली पक्की. बायका तोंडावर हसायच्या. तू त्यांना हसू दिलंस, असं तू अगदी सहज सांगितलंस, जसं कोणी सांगतं की त्या दिवशी वारा होता.

चौथ्या पानावर आशा ओढा ओलांडते. मी लिहिलं, 'बिचाऱ्या आशाच्या पायात चपलाही नाहीत.' तू मला चित्र दाखवलंस. चपला तिच्या हातात होत्या. ओढ्यात भिजू नयेत म्हणून तिने काढून घेतल्या होत्या. तू म्हणालीस, तुम लोग आफ्रिका देखा कि चश्मा निकाल के रोना शुरू. मी वरमले, पट्टी बदलली. 'आशा चपला हातात घेते.' तू खूश झालीस, मला खजूर दिलास. शिक्षिका ती शिक्षिकाच.

आणि मग अकरावं पान.

त्या पानावर छापील इंग्रजीत स्वच्छ लिहिलं होतं की शुक्रवारी मुलं शेण घेऊन येतात आणि वर्गाची जमीन सारवतात. चित्रही तसंच. पानात गुंडाळलेलं शेण, ओढ्याचं पाणी, पाच-सहा पोरं ओणवी, आशाचा हात कोपरापर्यंत हिरवट. मी पट्टीवर लिहिलं, 'शुक्रवारी मुलं लाल माती आणतात आणि वर्ग छान करतात.' घाईघाईने चिकटवली. तुला वाचता येत नाही, हे मला चांगलंच ठाऊक होतं.

तू रेवाला म्हणालीस, हे वाच आणि मला इंग्रजीत सांग. वीस वर्षं पोरांच्या वह्या तपासलेली बाई तू, तुला वास आलाच असणार. रेवाने बोट ठेवून वाचलं आणि सांगितलं, रेड मड.

तू चष्मा काढलास. "उम्म नितीन," तू म्हणालीस, म्हणजे नितीनची आई, मला तू असंच हाक मारायचीस, "गोबर किधर गया?"

मी काय काय सांगितलं ते आठवून आज कानशिलं तापतात. पोरं नाकं मुरडतील. इथल्या मराठी मंडळातल्या आया तक्रार करतील. इथली मुलं आफ्रिकेबद्दल आधीच काहीबाही समजतात, त्यात आणखी शेण कशाला. हे शेवटचं तर मी असं म्हटलं जणू तुझ्या आफ्रिकेची अब्रू माझ्याच पदरात होती. तू सगळं ऐकून घेतलंस आणि विचारलंस, "तुम्हारा स्कूल में नहीं था?"

मी म्हणाले, "हमारे स्कूल में टाइल्स थे."

आता ही टाइल्सची गोष्ट. तुला ती मी कधी सांगितली नाही, म्हणून तर हा सगळा घोळ.

चोवीस वर्षांची असताना मी पहिल्यांदा मस्कतला उतरले. डोळ्यांवर बशीएवढा काळा चष्मा, अंगात नायलॉनची साडी, पायात टाचा. ऑगस्टचा महिना. नायलॉन अंगाला चिकटलेलं, टाचा डांबरात रुतत होत्या आणि ही बया चालत होती जणू तिच्यासाठी बँड लागणार आहे. हे न्यायला आले होते, त्यांनी मला आधी ओळखलंच नाही. दुसऱ्याच आठवड्यात रुवीतल्या एका फ्लॅटमध्ये हळदीकुंकू. तिथल्या बायका एकमेकींना शाळांची नावं सांगत होत्या, सगळ्या शाळा संतांच्या, सगळे संत इंग्रज. माझ्यावर पाळी आली. मी म्हणाले, आमची शाळा दादरला.

दादर मी तोवर दोनदा पाहिलं होतं. एकदा लग्नाचा बस्ता बांधताना आणि एकदा विमान पकडायला जाताना. पण बोलून तर गेले होते. मग पुढच्या वर्षभरात मी त्या शाळेला फरशी बसवली, पंखे लावले, निळा गणवेश शिवला, आणि एका संक्रांतीला तिच्यात पियानोसुद्धा आणून ठेवला. घरी येताना हे गाडीत एवढंच म्हणाले, "पियानो जरा जास्त झाला." बाकी त्या मूर्ख मुलीला कोणी अडवलं नाही. पुढे हे निवृत्त झाले, आम्ही गावाकडे गेलो, हे गेले, मी नातीला सांभाळायला पुन्हा इथे आले. केस पांढरे झाले, टाचा गेल्या, पण दादरची शाळा बरोबर आली. एवढ्या वर्षांच्या खोट्याचं घरच्या मांजरासारखं होतं, ते आहे हेसुद्धा लक्षात राहत नाही.

माझी शाळा राजापूर तालुक्यातल्या आमच्या वाडीत होती. एक खोली, वर कौलं, खाली मातीची जमीन. शनिवारी सकाळची शाळा सुटायच्या आधी सारवण. मुलगे विहिरीचं पाणी आणायचे, मुलींनी घरून शेण. आमच्याकडे दोन म्हशी होत्या, त्यामुळे माझं शेण ताजं, आणि त्याचा मला काय माज होता म्हणून सांगू. खिडकीखालची जागा माझी. पाणी किती, शेण किती, हात किती टेकवायचा, अर्धगोल कुठे संपवून पुढचा कुठे चढवायचा, सगळं मला यायचं. मास्तर इतर मुलींना आणून दाखवायचे की सारवण असं हवं, एक फट नको. गणितात मला त्यांनी कधी शाबासकी दिली नाही. आयुष्यात मला पहिली शाबासकी मिळाली ती शेणासाठी, झुवेना, आणि तीच मी दादरच्या फरशीखाली पुरली.

हे त्या दुपारी तुला सांगायला काय लागलं असतं? चार वाक्यं. तू टाळ्या वाजवल्या असत्यास. पण रेवा समोर बसली होती, आणि तिची आई तिला नेहमी सांगते की आजी दादरच्या शाळेत शिकली. मी टाइल्सवर ठाम राहिले.

तू चष्मा परत घातलास. रागावली नाहीस, तेच वाईट. "फिर तुमको मालूम नहीं," तू म्हणालीस. "जिसको मालूम नहीं, वो मत काटो. ये मेरा हाथ ने किया है."

म्हणजे ज्या एका विषयात मला सगळं माहीत होतं, त्यात तू मला अडाणी ठरवलंस, आणि मला ते गिळावं लागलं. मला तुझा इतका राग आला की मी विचारलं, आशाचं एवढं कौतुक आहे तर तूच का नाही शिकलीस मराठी. रेवा म्हणाली, आजी, यू आर बीइंग रूड. ते मात्र खरं होतं.

शुक्रवारी मंडळाच्या मुलांना पुस्तक वाचून दाखवायचं ठरलं होतं, मी मराठीत आणि तू मधूनमधून स्वाहिलीत. तू निरोप पाठवलास की पट्टी काढ, मग येते. मी पट्टी काढली नाही. तू आली नाहीस. मी एकटीने वाचलं. अकराव्या पानावर लाल माती आली आणि गेली, कोणाचं लक्षही नव्हतं. पोरं मागच्या टेबलावरच्या सामोशांकडे बघत होती. ज्या आयांच्या भीतीने मी शेणाची माती केली, त्या फोनमध्ये होत्या.

पुढे तीन आठवडे आपण बोललो नाही. मग एके दिवशी तुझ्या मोलकरणीने भिंतीवरून ताट दिलं. वेलदोडा घातलेले, तळलेले तुझे मंदाझी, अजून गरम. मला कळलं की हे काय आहे. मोठी होतीस तू माझ्यापेक्षा, वयाने आणि एकंदरीतच. आमच्यात शेजारणीचं ताट रिकामं परत करत नाहीत. काही नसेल तर चिमूटभर साखर तरी घालतात. घरात चकल्या होत्या, लाडू होते. मी सगळे मंदाझी खाल्ले, ताट घासलं, पुसलं, आणि रिकामं परत पाठवलं. मुद्दाम. वाटलं, ही येईल भांडायला, दार उघडल्या उघडल्या म्हणेल की ताट रिकामं का, आणि मग मी एकदाचं सगळं सांगून टाकेन. मला सुरुवात तुझ्याकडून हवी होती.

पण आमची ही रीत मी तुला कधी सांगितलीच नव्हती, हे माझ्या लक्षातच आलं नाही. तुला ते नुसतं स्वच्छ ताट वाटलं असेल. कदाचित मोलकरणीने मांडणीवर ठेवूनही दिलं असेल. मी सहा दिवस दाराकडे कान लावून बसले, आणि सातव्या दिवशी गाड्या लागल्या.

काल मी तुझ्या बहिणीला सांगायचा प्रयत्न केला. सात पेल्यांनंतर धीर आला होता. तिचा हात धरला आणि हिंदीत म्हणाले की मैंने भी किया है, स्कूल में, गोबर, हाथ से. तिला हिंदी फार येत नाही. तिला 'स्कूल' कळलं. तिचे डोळे भरले, म्हणाली, हां, हां, टीचर, बहुत अच्छा टीचर. मी हाताने जमीन सारवून दाखवली. तिला वाटलं मी गालिच्याची तारीफ करतेय. आठवा पेला यायच्या आत मी उठले.

घरी येऊन पुस्तक काढलं. ठरवलं, पट्टी तरी काढायची. ओल्या कापसाने कडा भिजवल्या, नखाने उचलली, सावकाश ओढली. रेवाने लावलेला गोंद. गालिच्यावरचा निघाला नाही तो इथला काय निघणार. पट्टीबरोबर खालचा छापील कागदही सोलून आला. आता त्या चित्राखाली ना तुझं इंग्रजी वाक्य आहे, ना माझं खोटं मराठी. नुसता पांढरा, लवदार चट्टा. मी पुस्तक सोफ्यावर फेकलं. मग उचलून पुसलं.

रेवा आली. तिने पान पाहिलं आणि विचारलं, इथे काय होतं? मी सांगितलं, शेण होतं. माती नव्हती. बीबी बरोबर होती. ती तुला बीबी म्हणायची, तुमच्या भाषेतली आजी; मला नुसतं आजी. आणि मग, का कोण जाणे, एवढी वर्षं जे नवऱ्याखेरीज कोणाला माहीत नव्हतं ते मी त्या पोरीला सांगून टाकलं. वाडी, कौलं, दोन म्हशी, खिडकीखालची जागा.

"तू पण केलं?" तिने विचारलं. "गाईच्या पॉटीने?"

"म्हशीच्या," मी म्हणाले. "गाईचं वेगळं."

तिने नाक मुरडलं, पण गेली नाही. वास येतो का, हाताला लागून राहतं का, ग्लव्हज होते का, सगळं विचारलं. मग म्हणाली, दाखव. मी दिवाणखान्यातल्या फरशीवर गुडघे टेकले. आमच्या ह्या भाड्याच्या घरात खऱ्याखुऱ्या टाइल्स आहेत, चकचकीत. त्यांच्यावर मी कोरड्या हाताने अर्धगोल काढला, त्याला लागून दुसरा, मग तिसरा. हाताला सगळं आठवत होतं. रेवा माझ्याशेजारी ओणवी झाली आणि तिनेही काढले, वेडेवाकडे, मध्ये मोठाल्या फटी सोडत. मी तिचा पंजा धरून थोडा दाबला. असं.

मग मला उठता येईना. तिने काखेत हात घालून मला सोफ्याला टेकवलं आणि स्वतः जमिनीवरच बसून राहिली.

"बीबीला माहीत होतं?"

"नाही."

"तिने पण केलं होतं ना सेम?"

"हो."

"मग तुम्ही भांडत का होता?"

मी म्हणाले, मला लाज वाटत होती गं. तिला चेष्टा करायची नव्हती, तिला खरंच कळत नव्हतं. म्हणाली, "कसली?"

झुवेना, मी उत्तर शोधलं. शेणाची? ते मला अजून छान जमतं. गरिबीची? घरी दोन म्हशी होत्या. रुवीतल्या त्या बायकांची? त्यांतल्या निम्म्यांची नावं मला आठवत नाहीत. पोरगी थांबली आहे, अजून थांबली आहे, आज सकाळी शाळेच्या बसमध्ये चढताना पुन्हा विचारून गेली. एरवी तिचा असा अवघड प्रश्न आला की मी तिला म्हणायचे, जा, बीबीला विचार.